कवडसा, तिरीप की झोत?

विद्यार्थिनी, सोलापूर : आमच्या लघुपटाचे चित्रीकरण पूर्व भागातील एका बंद यंत्रमाग कारखान्यात होणार असून छायालेखनासाठी आम्ही व्ही. के. मूर्ती आणि सुब्रत मित्र या चित्रपट छायालेखकांच्या कामाचा आधार घेत आहोत. टिपणात मी ‘पत्र्याच्या भोकातून उतरणारा कवडसा आणि त्यात तरंगणारे कापसाचे तंतू’ असे लिहिले होते. मार्गदर्शकांनी ‘कवडसा’ खोडून ‘झोत’ केले, कारण त्यांच्या मते कवडसा जमिनीवर असतो, हवेत नव्हे. मी लहानपणापासून दोन्हींना कवडसाच म्हणत आले आहे. माझे चुकले का?

निवृत्त शिक्षिका : कवडसा ‘पडतो’ किंवा आरशाने ‘पाडतात’, तेव्हा त्यांची हरकत अगदीच निराधार नाही. मात्र झोत बॅटरीचा किंवा गाडीच्या दिव्याचा असतो. उन्हाला तो शब्द मला खटकतो. हवेतल्या तिरप्या उन्हाला आमच्या घरी ‘तिरीप’ म्हणत.

यंत्रमाग कामगार : बाई, आमच्या कारखान्यात तिरीप कोणी म्हटल्याचे आठवत नाही. कवडसा कवडीवरून आला असावा, असे मला वाटते, कारण जमिनीवरचा ठिपका कवडीएवढाच असे. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणात मात्र त्याच भोकांतून मागांमध्ये चंद्रकोरी पडल्या होत्या आणि आम्ही माग थांबवून त्या पाहत होतो.

छायाचित्रकार : काका, तो ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमाच असते. भोक लहान आणि जमीन पुरेशी लांब असेल, तर भोक वेडेवाकडे असले तरी ठिपका गोलच पडतो आणि ग्रहणात त्याची कोर होते. ‘कागज के फूल’ (१९५९) मध्ये मूर्तींनी आरशांनी ऊन स्टुडिओत वळवले होते. म्हणजे क्रिया कवडसा पाडण्याची आणि पडद्यावर दिसतो तो झोत. सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घरातील चौकाच्या सेटवर पांढरे कापड ताणून दिव्यांचा प्रकाश त्यावरून परतवला. तो बाउन्स लाइट.

शिक्षिका : ‘परावर्तित प्रकाश’ हा चांगला शब्द असताना बाउन्स कशाला हवा?

छायाचित्रकार : आरशावरून येणारा प्रकाशही परावर्तितच आहे. आरसा किरणांची दिशा जपतो आणि सावली धारदार पाडतो, तर कापड ते विखुरते आणि सावली विरघळवते. एकाच शब्दाने दोन्ही सांगितले, तर दिवे लावणाऱ्याने काय समजावे?

शिक्षिका : मग ‘विखुरता उजेड’ म्हणा, पण मराठीत म्हणा.

कामगार : दिवे लावणारी मुले बाउन्सच म्हणणार. आम्ही तरी मागाच्या धोट्याला शटल म्हणणे कुठे सोडले?

विद्यार्थिनी : आज दुपारी कारखान्यात गेले होते. माग बंद असल्याने हवेत तंतू नव्हते, त्यामुळे जमिनीवर ठिपका होता, पण वर काहीच दिसत नव्हते. कोपऱ्यातली जुनी चादर झटकल्यावर छपरापासून फरशीपर्यंत उन्हाची अख्खी रेघ उभी राहिली. टिपण उद्या द्यायचे आहे.

शिक्षिका : तीच तिरीप.

कामगार : पोरी, कवडसाच लिही.