मदत हवी आहे: गाण्याच्या व्हिडिओसाठी देखण्या गल्ल्या सुचवा

मंडळी, मित्राच्या साडेतीन मिनिटांच्या गाण्याचा व्हिडिओ करतोय. कलाकार एकच, चालत गातो. टीम चार जणांची, एक कॅमेरा, एक गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा), बजेट म्हणजे चहा-वडापाव.

फोंताइन्हास डोक्यात होतं, पण पणजीतले ते रंगीत वाडे आता प्रत्येक प्री-वेडिंगमध्ये दिसतात, आणि दारासमोरच्या शूटिंगला तिथले रहिवासी वैतागलेत. त्यांचं बरोबरच आहे म्हणा. गिरगावची खोताची वाडी फार आवडली: लाकडी जिने, व्हरांडे, वळणावळणाची चिंचोळी वाट. पण तिथेही लोकांची घरंच आहेत. मुंबईतलंच बॅलार्ड इस्टेट रविवारी सकाळी मोकळं मिळतं, सगळ्या इमारती एकाच धाटणीच्या, फक्त गाण्याला जरा थंड वाटतं.

सध्या मन पुण्याच्या तांबट आळीवर आहे. तांब्यावर पडणारे हातोडीचे ठोके थेट तालातच घेता येतील! तिथे कुणी शूट केलंय का? कारागिरांशी आधी कुणामार्फत बोलावं? उजेड आत कधी पोचतो? आणि एवढ्याशा टीमलाही पोलिसांची, महापालिकेची परवानगी काढावी लागते का?

नाशिक, कोल्हापूरकडच्या जुन्या पेठाही चालतील. फोटो असतील तर टाका.