बोअरचं पाणी (सोसायटी ग्रुप)

ए-३०२ काकू: सेक्रेटरी साहेब, गीझरची कॉइल परत गेली. वर पांढरा थर नुसता. लिंबू पिळलं की फसफसतंय. तूरडाळ तर शिजायचं नाव घेत न्हाई. मागच्या मिटिंगला बोललो न्हवं?

सी-१०४ दादा: सगळ्यांचं तेच हाय. सरळ ५०० फूट नवं बोअर मारूया.

ए-००१ आजोबा: आधी टाकी धुवा.

बी-२०१ वहिनी: घाई नको. माझ्या माहेरी गुहागरला, समुद्राकाठी, शेजाऱ्यांनी खोल बोअर मारून रात्रंदिवस उपसा केला. आमच्या विहिरीचं पाणी खारट झालं, आणि जडही, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त.

सी-१०४ दादा: वहिनी, आपल्या कोल्हापुरात, रंकाळ्यात समुद्र कधी आला? 😄

बी-२०१ वहिनी: चेष्टा नको, दादा. इथं समुद्र येणार नाही, पण खडक तोच, लाव्ह्याचा काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरुमात आणि भेगांत. खाली भेग लागली नाही तर नुसता फुफाटा निघेल. किनाऱ्यावर ढोबळ हिशोब असा की गोडं पाणी १ मीटर उतरलं की खालचं खारं पाणी ४० मीटर वर चढतं. त्यातलं सोडियम मातीला चिकटतं, मातीवरचं कॅल्शियम पाण्यात सुटतं. म्हणून खारटही, जडही. आपल्याकडं कॅल्शियम-मॅग्नेशियम येतं ते थेट दगड झिजून.

सेक्रेटरी: मीटरवर टीडीएस लिटरला ६०० मिलिग्रॅम आला. २००० पर्यंत चालतंय म्हणे.

बी-२०१ वहिनी: साहेब, २००० ची सूट दुसरं पाणीच नसेल तर. एरवी ५००. आणि ती सगळ्या क्षारांची बेरीज. क्लोराइड किती, नायट्रेट किती, हे मीटर सांगत नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालतच नाही, तिथं सूट नाही. ते उकळूनही जात नाही.

ए-००१ आजोबा: आधी टाकी धुवा.

ए-३०२ काकू: नायट्रेट कुठनं येणार? बोअरशेजारचं ड्रेनेजचं चेंबर गळतंय, त्यातनंच की! झाकणावर कायम कुणाची तरी गाडी. दुरुस्ती कशी करायची?

सी-१०४ दादा: नाव घेऊन बोला काकू. पार्किंगचे पैसे भरतो मी.

ए-३०२ काकू: मी नाव घेतलंय का?

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहूया. 🙏

बी-२०१ वहिनी: तपासणीत जडपणा सापडला तर तो काढणारा सॉफ्टनर बसवू, पण नायट्रेटला त्याचा उपयोग नाही. म्हणून आधी लॅबला बाटली द्या. नळाचं पाणी मिसळायच्या आधी, मोटर थोडा वेळ चालवून थेट बोअरचं भरा.

सी-१०४ दादा: ठीक. उद्या सकाळी गाडी काढतो. बाटली मीच पोचवतो.

ए-००१ आजोबा: आणि टाकी?