मदत हवी आहे: ५०० जीबीचा ईबीएस व्हॉल्यूम २०० वर कसा आणू?

मंडळी, टिळक रोडवरच्या एका फोटो स्टुडिओचा सर्व्हर मी सांभाळतो. एडब्ल्यूएस या अमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रीजनमध्ये एक ईसीटू मशीन (भाड्याचा सर्व्हर), फोटोंसाठी त्याला जोडलेला ५०० जीबीचा जीपी३ प्रकारचा ईबीएस व्हॉल्यूम (भाड्याची डिस्क), फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) एक्सएफएस. मध्यंतरी लग्नांचे जुने अल्बम एसथ्रीवर (एडब्ल्यूएसच्याच वेगळ्या फाइल-साठ्यात) हलवले, आता वापर जेमतेम १४० जीबी. स्टुडिओवाले काका बिल बघून विचारतात, "निम्मा वाडा रिकामा, मग भाडं पूर्ण का?" पैसे वापरलेल्या जागेचे नाही, घेतलेल्या जागेचे लागतात, हे सांगून झालं. पटलं नाही.

व्हॉल्यूम वाढवता येतो, कमी करता येत नाही, इतकं कळलं. स्नॅपशॉटमधून (व्हॉल्यूमच्या बॅकअप प्रतीतून) २०० चा करायला गेलो, तर स्नॅपशॉटपेक्षा लहान होत नाही. मग ५०० चाच केला, म्हटलं निदान त्यावर हात बसेल. आधी झोन (रीजनमधला विभाग) चुकला: मशीन १ए मध्ये, व्हॉल्यूम १बी मध्ये. जोडायच्या यादीत मशीनच दिसेना! ते निस्तरलं, तर माउंट करताना (डिस्क वापरासाठी उघडताना) 'राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक'. आता बॅकअपच खराब आहे की काय, ही धास्ती. त्यात कन्सोलवर नाव एसडीजी आणि मशीनवर एनव्हीएमई२एन१. मी भलत्याच डिस्कला हात लावतोय का?

प्रतिसाद १:
बॅकअप बहुतेक ठणठणीत आहे. डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघा, 'डुप्लिकेट यूयूआयडी' लिहिलेलं असेल; यूयूआयडी म्हणजे फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक, स्नॅपशॉटवरून केलेल्या प्रतीत तो मूळचाच येतो. मूळ माउंट असताना एक्सएफएस त्याच्या जुळ्याला आत घेत नाही. माउंटला 'नोयूयूआयडी' पर्याय द्या, फोटो दिसतील. पण जागा कमी करायला स्नॅपशॉटचा उपयोग नाही. १ए मध्येच २०० चा कोरा व्हॉल्यूम घ्या, एमकेएफएसने त्यावर फाइल सिस्टिम बनवा, आरसिंक या कॉपी करायच्या कमांडने फोटो हलवा. स्टुडिओ बंद झाल्यावर सर्व्हिस थांबवून आरसिंक पुन्हा एकदा, म्हणजे मधल्या काळातले बदलही येतील. मग एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क माउंट करायची त्या यादीत) नवा यूयूआयडी, सोबत 'नोफेल', नाहीतर व्हॉल्यूम नसेल तेव्हा मशीन बूटलाच अडकेल. कुठली डिस्क कुठली, हे एलएसबीएलके या डिस्कची यादी देणाऱ्या कमांडमध्ये सीरियलचा कॉलम मागितला की कळतं, तिथे व्हॉल्यूम आयडीच असतो. जुना उडवण्याआधी तो कन्सोलशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

आणि स्नॅपशॉटवरून केलेला ५०० चा अजून तसाच आहे ना? नुसता डिटॅच करून भागत नाही, डिलीट करेपर्यंत मीटर चालूच.

धागाकर्ता:
'नोयूयूआयडी'ने उघडला, फोटो शाबूत! आणि हो, तो दुसरा ५०० चा आठवडाभर तसाच आहे. काकांना अजून सांगितलेलं नाही.