अनुभव धागा : वर्गातल्या तंत्रज्ञानाला शाबासकी मिळते कशावर?

नवोपक्रम स्पर्धा, राष्ट्रीय आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) पुरस्कार, राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार: अर्जाचे दिवस आले की ‘फाइलमध्ये काय लावू?’ हा एकच प्रश्न फिरत राहतो. नागपूर शहर आणि ग्रामीणमधल्या शिक्षकांनी, केंद्रप्रमुखांनी, परीक्षण केलेल्यांनी इथे लिहावं. अट एकच, शाल-श्रीफळाची वर्णनं नकोत. काय केलं की चालतं आणि कशामुळे फाइल बाजूला पडते, तेवढं सांगा.

अहवाल तपासणारे, नागपूर ग्रामीण

बहुतेक अहवाल शीर्षकातच मार खातात. ‘ई-लर्निंगद्वारे गुणवत्ता विकास’ यातून इयत्ता, विषय, अडचण, काहीच कळत नाही. ‘कळमना बाजारातले संत्र्याचे भाव स्प्रेडशीटमध्ये मांडून सातवीची शेकडेवारी पक्की करणे’ असं लिहिलं की पुढचं पान उलटावंसं वाटतं.

साचा सगळ्यांना पाठ आहे: गरज व महत्त्व, उद्दिष्टे, नियोजन, कार्यपद्धती, यशस्विता, समारोप, परिशिष्टे. गुण जातात ते उद्दिष्ट आणि यशस्विता यांचा मेळ बसत नाही म्हणून. उद्दिष्टात शेकडेवारी आणि यशस्वितेत ‘मुले आनंदी झाली, उपस्थिती वाढली’. उपस्थिती वाढली हे छानच, पण शेकडेवारीचं काय झालं?

पूर्वचाचणी उपक्रमाच्या आधी घ्यायची असते, हेही सांगावं लागतं. डिसेंबरात आठवण होऊन जुलैची तारीख टाकलेली चाचणी लगेच ओळखू येते. सगळ्या पेपरांवर एकाच पेनाची शाई असते, आणि ऑगस्टात दाखल झालेल्या मुलाचाही जुलैचा पेपर गठ्ठ्यात सापडतो!

चाचणी १० प्रश्नांची पुरते, एका उपघटकावर २ प्रश्न. उत्तरचाचणीत आकडे बदला, काठिण्य तेच ठेवा. नुसती सरासरी देऊ नका. समजा पटावर २८ मुलं आहेत. पूर्वचाचणीला २६ बसली, उत्तरचाचणीला २७, दोन्ही चाचण्या दिलेली २५. तक्ता त्या २५ जणांचाच करायचा. सरासरी ३.८ वरून ६.९ झाली असेल तर खाली हेही लिहा की ४ पेक्षा कमी गुणांची मुलं आधी १४ होती, आता ३ उरली. आणि ती ३ कुठे अडली? दशांश चिन्हापाशी, की ‘शेकडा’ हा शब्दच डोक्यात बसला नाही? सगळ्यात वजनदार परिच्छेद त्या तिघांचा असतो आणि नेमका तोच कोणी लिहीत नाही, कारण अपयश दाखवायची भीती वाटते. १०० टक्के यशाचा अहवाल आला की मी तरी आधी परिशिष्टं उघडतो.

वेळापत्रक आपल्या हवामानाला धरून ठेवा. विदर्भात शाळा जूनअखेर सुरू होतात, म्हणून पूर्वचाचणी जुलैत, उपक्रम ऑगस्ट ते डिसेंबर आणि उत्तरचाचणी जानेवारीत. मार्चात सकाळची शाळा लागली की तासिका आखडतात, वार्षिक परीक्षा डोक्यावर येते आणि सगळंच घाईत उरकलं जातं.

गणित शिक्षिका, मनपा शाळा

मुलांच्या हातात एकही उपकरण नसताना आकडे गोळा करायचे तर प्लिकर्स या अ‍ॅपची कागदी कार्डं वापरा, ती फोनचा कॅमेरा वाचतो. नेहमीच्या संचात ४० कार्डं येतात, प्रत्येक मुलाला एका क्रमांकाचं कार्ड. चार बाजूंना बारीक ए, बी, सी, डी अक्षरं असतात. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. शिक्षकाचा एकच फोन वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी नोंदलं जातं. प्रत्येक कार्डावरची काळी आकृती वेगळी असल्यानं शेजारच्याची नक्कल होत नाही.

बिघडतं कुठे? कार्ड चकचकीत लॅमिनेट केलं की ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि फोन वाचत नाही. जाड साध्या कागदावर छापा. बोटं काळ्या भागावर आली तरी कार्ड हुकतं, म्हणून कोपऱ्यांत धरायला शिकवा. आठवड्याला ५ प्रश्न विचारले तरी १५ आठवड्यांचा तारीखवार आलेख आपोआप तयार होतो. मागची तारीख टाकायची सोयच नाही.

गूगल फॉर्म वापरत असाल तर मराठीतली लघुत्तरं स्वयंचलित तपासणीला लावू नका. ‘पाणी’ आणि ‘पाणि’ त्याला दोन वेगळी उत्तरं वाटतात. बहुपर्यायीच ठेवा.

विज्ञान शिक्षक, काटोल तालुका

क्यूआर कोडबद्दल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि भिंतीभिंतीवर कोड चिकटवायची लाट आली. त्यांच्या कामात कोडामागे मुलांच्या भाषेतला मजकूर होता, हे मात्र लोक विसरले. नुसता यूट्यूबचा दुवा कोडात टाकला तर त्यात तुमचं काय?

कोड ‘स्टॅटिक’ बनवा, म्हणजे दुवा थेट कोडातच असतो. फुकट ‘डायनॅमिक’ (आपल्या सर्व्हरवरून वळवलेले) कोड देणाऱ्या काही सेवा चाचणीची मुदत संपली की कोड बंद करतात, आणि परीक्षक नेमके त्यानंतर स्कॅन करतात. ड्राइव्हवरची फाइल असेल तर परवानगी ‘दुवा असलेल्या कोणालाही’ अशी ठेवा आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. आकाराचा ढोबळ हिशेब असा: स्कॅनच्या अंतराचा दहावा भाग. वहीसाठी २ ते ३ सेंमी, आणि २ मीटरवरून वाचायच्या तक्त्यावर २० सेंमी. भोवती पांढरी कड सोडा. त्रुटी-दुरुस्ती ‘एच’ पातळीची घेतली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. हात लागणाऱ्या भिंतीवर ती बरी, फक्त कोड दाट होतो म्हणून दुवा आखूड ठेवा.

पारशिवनीकडचे शिक्षक

पेंचच्या बाजूला नेटवर्क येतं-जातं, म्हणून ऑफलाइन सर्व्हर. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (४ जीबी), १२८ जीबी मेमरी कार्ड, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा पुरवठा आणि त्यावर कोलिब्री, म्हणजे इंटरनेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर. फोनचा जुना चार्जर लावला तर व्होल्टेज पडतं आणि संगणक मध्येच बंद होतो. पाच-सहा टॅब्लेटच्या वर गेलं की अंगभूत वायफायवर व्हिडिओ अडखळतो, तेव्हा साधा राउटर जोडा. वीज अचानक गेली की कार्ड बिघडू शकतं, त्यामुळे कार्डाची तयार प्रत कपाटात हवी. परीक्षकांना आवडणारी गोष्ट अशी की कोणत्या मुलानं कोणता धडा किती वेळ पाहिला याची नोंद कोलिब्री ठेवतं. दर शनिवारी ती पेनड्राइव्हवर उतरवा.

उन्हाळ्याचं लक्षात ठेवा. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि पत्र्याच्या खोलीत बंद कपाट एप्रिलमध्येच तापतं. टॅब्लेट सकाळी चार्ज करून घ्या. मे महिन्यासाठी ठेवताना निम्म्या चार्जवर बंद करून ठेवा. प्रोजेक्टरची जाळी महिन्यातून एकदा झाडा आणि दिवा विझल्यावर पंखा थांबेपर्यंत मेन स्विच बंद करू नका.

एक वाचक, सक्करदरा

कायले बाप्पा एवढी उठाठेव? फायली सजवणाऱ्यालेच भेटते ना शेवटी!

अहवाल तपासणारे, नागपूर ग्रामीण

सजवलेली फाइल पहिल्या फेरीत डोळ्यात भरते, हे नाकारत नाही. पण सादरीकरणात ‘चौथ्या आठवड्यात काय बदललं आणि का?’ एवढंच विचारलं तरी माणूस उघडा पडतो. रोजची दोन ओळींची नोंदवही असलेल्याला त्याचं उत्तर शोधावं लागत नाही.

केंद्रप्रमुख, हिंगणा परिसर

तिन्ही वाटा वेगळ्या आहेत, एकच फाइल सगळीकडे चालवू नका. नवोपक्रम स्पर्धा राज्याच्या एससीईआरटीची (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद). ती अंगणवाडीपासून अधिकाऱ्यांपर्यंत पाच गटांत असते आणि एका उपक्रमाचा खोल अहवाल मागते. आयसीटी पुरस्कार एनसीईआरटी या राष्ट्रीय परिषदेच्या सीआयईटी या शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेमार्फत, २०१० पासून. तिथे तुम्ही स्वतः तयार केलेलं साहित्य आणि इतर शिक्षकांना केलेली मदत तपासतात. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षक स्वतः अर्ज करतात. जिल्हा समिती, राज्य समिती, मग राष्ट्रीय परीक्षक मंडळ असा प्रवास होतो. ५ सप्टेंबरला प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५०,००० रुपये. तिथे तंत्रज्ञान हा कामाचा एक भाग आहे, सगळं काम नव्हे. खासगी शिकवण्या घेणारे आणि कंत्राटी शिक्षक त्यात बसत नाहीत, हे आधी बघून घ्या.

फाइल अपलोड शेवटच्या रात्री करू नका. पीडीएफ २०० डीपीआयवर स्कॅन केली तरी स्वच्छ वाचता येते आणि आकार आटोक्यात राहतो.

भाषा शिक्षिका, सीताबर्डीजवळ

व्हिडिओबद्दल कोणीच बोललं नाही. फोन आडवा, १०८०पी, ३० फ्रेम. ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसले तर प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. पंखा आणि कूलर बंद, नाहीतर मुलांचा आवाज त्यात बुडतो. साधा कॉलर माइक मुलाच्या हातात द्या. बोलायचं मुलानं, शिक्षकानं नव्हे. ५ मिनिटांचा मूळ व्हिडिओ ६०० एमबीच्या पुढे जातो. हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अडीच एमबीपीएसला उतरवला की ९५ एमबीच्या आसपास येतो. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा. ‘प्रायव्हेट’ ठेवलेला परीक्षकाला उघडतच नाही.

पालकांचं संमतिपत्र शूटिंगच्या आधी घ्या. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालकच. पत्र मराठी आणि हिंदी दोन्हींत छापा, आपल्याकडे अनेक घरांत हिंदीच वाचतात. व्हिडिओ कुठे दाखवणार आणि किती दिवस ठेवणार, तेही त्यात लिहा. एका पालकानं नकार दिला तर त्या मुलाला खोलीबाहेर काढू नका, त्याला कॅमेऱ्यामागे बसवून क्लॅप, म्हणजे शूटिंग सुरू होताना टाळी, द्यायला लावा.

विज्ञान शिक्षक, काटोल तालुका

क्लॅपची युक्ती घेतली. माइक वेगळ्या फोनवर रेकॉर्ड होत असेल तर आवाज आणि चित्र जुळवायलाही तोच क्लॅप कामी येतो.