फरकाचे ४ लाख २० हजार आले : कर्ज फेडू की जवळ ठेवू?

मानेवाडा_मास्तर
अनुदानित शाळेत शिक्षक आहे. वरिष्ठ वेतनश्रेणीच्या फरकाची (मागच्या वर्षांच्या थकलेल्या पगाराची) आशा मी कधीच सोडली होती. मागच्या आठवड्यात मोबाइल वाजला, वाटलं हप्ता कापल्याचा मेसेज असेल. पाहतो तर फरक जमा! कर कापून ४,२०,००० रुपये.

आता देणी सांगतो. क्रेडिट कार्ड ६२ हजार (कूलर, फ्रीज आणि मुलीची क्लासची फी). आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काढलेलं पर्सनल लोन ३ लाख १० हजार बाकी, साडेचौदा टक्के, हप्ता १२,०५०, अजून ३१ हप्ते. शिक्षकांच्या पतसंस्थेचे १ लाख ४० हजार, ११ टक्के. बायकोच्या पाटल्या बँकेत गहाण, ९० हजार, साडेनऊ टक्के. शिवाय घरकर्ज ९ लाख, ८.४ टक्के, ११ वर्षं बाकी.

माझा बेत : कार्ड आणि पर्सनल लोन एका झटक्यात संपवायचं. मुदतपूर्व फेडीचा ४ टक्के आकार आणि त्यावर जीएसटी धरून ३,८६,६३२ लागतात. हातात ३३ हजार उरतात. आमच्या नागपुरात मारबतीच्या (पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या) मिरवणुकीत सगळे ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडतात तेव्हा मी दरवर्षी मनातल्या मनात ईएमआय म्हणतो. यंदा खरंच जाऊ दे म्हणतो. काय चुकतंय का?

बर्डीचा_बंड्या
चुकते काय त्याच्यात? पैसा आला तं मोकळे व्हा ना बाप्पा. मायावर दोन लाखाचं देनं होतं तवा मी झोपेत बी हिशोब करत होतो. फेडलं तवापासून असा घोरून रायलो का बायको परेशान हाय.

रात्रपाळी_हिंगणा
मास्तर, थांबा. मी हेच केलं होतं. कंपनीकडून तीन लाख मिळाले, सगळे कर्जात भरले, बाकी नसल्याचा दाखला (नो ड्यूज) घेतला, घरी पेढे आणले. सात महिन्यांनी आईला अर्धांगवायूचा झटका आला. रात्री दोन वाजता काउंटरवर ५० हजार अनामत मागितली आणि माझ्या खात्यात अकरा हजार होते. साळ्याने भरले. पुढच्या आठवड्यात १७ टक्क्यांनी नवं कर्ज काढलं, म्हणजे फेडलं त्याच्यापेक्षा महाग. बँकेत भरलेला पैसा परत मागता येत नाही. ३३ हजारांत तुमच्या घरात किती दिवस निघतील ते आधी सांगा.

इतवारीचा_मुनीम
रात्रपाळीभाऊ, वाईट झालं. पण ते कर्ज सात दिवसांत मिळालं, ते जुनं फेडलेलं होतं म्हणूनच ना? जुना हप्ता चालू असता तर बँकेने दारात तरी उभं केलं असतं का?

मास्तर, पहिले कार्ड. यात वादच नाही. महिन्याला साडेतीन टक्के धरा. ६२ हजारांवर २,१७० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९० रुपये, झाले २,५६०. तुम्ही कमीत कमी रक्कम म्हणून ३,१०० भरत असाल तर मुद्दल कमी झालं ५४० रुपयांनी. वर जुनी बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज किराणा घासला, आजपासून व्याज सुरू.

पर्सनल लोनमध्ये ३१ महिन्यांत साधारण ६३,५०० व्याज जाणार आहे. आकार १४,६३२. म्हणजे सुटका ४९ हजारांची. वाईट सौदा नाही, पण तुम्हाला वाटतो तेवढा मोठाही नाही.

मानेवाडा_मास्तर
३,१०० च भरतो. ५४० रुपये? दीड वर्ष झालं हो.

मिहान_ते_मनीषनगर
सगळे छोट्या कर्जांच्या मागे लागले. ३ लाख घरकर्जात टाका. फ्लोटिंग रेट (बदलता व्याजदर) असेल तर मुदतपूर्व फेडीला दंड नाही, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. हप्ता साधारण १०,४७० तोच ठेवला तर १३२ चे ७४ हप्ते होतात. ५८ हप्ते म्हणजे सहा लाखांच्या वर! कुठे ४९ हजार आणि कुठे सहा लाख.

इतवारीचा_मुनीम
हे असं ऐकायला गोड लागतं. ते सहा लाख सातव्या ते अकराव्या वर्षातले आहेत, ४९ हजार अडीच वर्षांतले. साडेचौदाचं ठेवून ८.४ चं फेडायचं? पर्सनल लोन बंद करा आणि सुटलेले १२,०५० दर महिन्याला घरकर्जात टाका. मग घरकर्ज ४७ महिन्यांत संपतं. कागद घ्या, करून पाहा.

संध्या_प्रतापनगर
मुनीमजी, कागदावर होतं. घरात नाही होत. हप्ता सुटला की तो पुढच्याच महिन्यात बुलेटच्या हप्त्याला लागतो. आमच्याकडे लागला.

आणि एक विचारते. मास्तरांच्या बेतात पाटल्या कुठेच नाहीत. का? साडेनऊ टक्के म्हणजे ‘स्वस्त’ म्हणून? गुडघा सासूबाईंचा, हप्ते घराचे, आणि सणाला बाई बेन्टेक्स घालून फिरणार. सोनेतारणाची मुदत बहुतेक वर्षभराची असते, व्याज भरून रिन्यू करायला चुकलात तर लिलावाची नोटीस येते. घरकर्जाचा एक हप्ता चुकला तर घर जात नाही लगेच. पाटल्या जातात.

बर्डीचा_बंड्या
ताई बरोबर बोलून रायल्या. मास्तर, वहिनीले विचारलं काय तुम्ही?

इतवारीचा_मुनीम
ताई, भावना मान्य. पण व्याजाला भावना कळत नाही. सोनं तिजोरीतच आहे, भावही वाढलाय, बँकेत सुरक्षित आहे. (सराफा ओळीत आयुष्य गेलं माझं, भाव वाढला म्हणून त्याच सोन्यावर टॉपअप (जादा कर्ज) घेणारे रोज पाहतो. ते मात्र करू नका.) ते शेवटी सोडवा.

जामीनदार_क्र_२
पतसंस्थेबद्दल कुणीच बोलत नाहीये. मी एका सहकाऱ्याला जामीन राहिलो होतो. तो थकला आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला. संस्थेने त्याच्याआधी माझा पगार पकडला, कारण माझा नियमित होता. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आठ महिने कापले. आज आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसतो आणि तो मला चहा विचारत नाही. मास्तर, तुमचे जामीनदार कोण आहेत?

मानेवाडा_मास्तर
एक माझ्याच शाळेतले पाटील सर. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. पण हप्ता पगारातूनच कापला जातो, एकदाही चुकला नाही.

जामीनदार_क्र_२
त्याचाही चुकला नव्हता. निलंबित होईपर्यंत.

रात्रपाळी_हिंगणा
बघा, सगळ्यांची कारणं खरी आहेत आणि बेरीज ६ लाखांवर जातेय. पैसे ४ लाख २०. म्हणून परत म्हणतो, किमान एक लाख एफडीत टाका आणि विसरा. सात टक्के मिळोत की सहा, ते व्याजासाठी नाही. रात्री दोनसाठी आहे.

मिहान_ते_मनीषनगर
साडेचौदाचं कर्ज ठेवून सातची एफडी? याला अर्थशास्त्रात वेडेपणा म्हणतात.

रात्रपाळी_हिंगणा
अर्थशास्त्र त्या रात्री काउंटरवर नव्हतं भाऊ.

करसल्ला_धंतोली
मधेच एक. हा फरक मागच्या वर्षांचा आहे ना? पण सगळा कर यंदाच्या उत्पन्नावर कापला गेला असेल. थकीत पगाराच्या फरकावरची करसवलत मागा (जुन्या आयकर कायद्यात कलम ८९). रिटर्न भरण्याआधी त्यासाठीचा फॉर्म (पूर्वीचा १०ई) ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरता सवलत घेतली की नोटीस येते. कुणाकुणाला चांगली रक्कम परत मिळते. आणि मिहानवाले, घरकर्जाच्या व्याजाची वजावट मिळते म्हणून ते कर्ज ‘चांगलं’ असं आता म्हणू नका. नव्या कररचनेत राहत्या घराला ती नाही.

मानेवाडा_मास्तर
सगळं बायकोला वाचून दाखवलं. बंड्याभाऊ, नव्हतं विचारलं. संध्याताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, पाटल्या सोडवा, पण मी त्या घालणार नाही, रात्री दोनसाठी कपाटात ठेवीन. म्हणजे रात्रपाळीभाऊंची एफडी आणि ताईंच्या पाटल्या तिने एकत्रच केल्या.

आज कार्डाचे ६२ हजार भरले, कार्ड कात्रीने कापलं (बंद करायचा अर्जही टाकला, नुसतं कापून चालत नाही म्हणे). पाटल्यांचे ९० हजार बाजूला काढले. ५० हजार बचत खात्यात वेगळे. उरले २ लाख १८ हजार. त्यातून पतसंस्था संपवून पाटील सरांना मोकळं करू की पर्सनल लोनमध्ये अंशतः भरू, इथे अडलोय. पतसंस्थेला दंड नाही, विचारून आलो.

इतवारीचा_मुनीम
११ आणि साडेचौदा. विचारायचं काय त्यात?

जामीनदार_क्र_२
पाटील सरांना विचारा.

मानेवाडा_मास्तर
पाटल्या आणायला आज निघालो होतो. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, दुसरा शनिवार. बँक बंद. तुमच्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे, भांडा.