प्रति: राज्यातच स्वायत्त प्रदेश

वर कोणीतरी म्हटलंय की वेगळं राज्य नको, घटनादुरुस्ती करून राज्याच्या पोटातच स्वायत्त प्रदेश करा, विदर्भाचा प्रश्न सुटेल. अहो, हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. १९६९ ची बाविसावी घटनादुरुस्ती, कलम २४४ अ. त्यातून २ एप्रिल १९७० ला आसामच्या आतच मेघालय हे 'स्वायत्त राज्य' झालं, म्हणजे विधानसभा वेगळी, मुख्यमंत्री वेगळे (विल्यमसन संगमा), पण राज्यपाल तेच आणि राजधानीही तीच शिलाँग, एकाच गावात दोन सरकारं नांदतायत अशी गंमत. टिकलं किती, तर जेमतेम पावणेदोन वर्षं, २१ जानेवारी १९७२ ला पूर्ण राज्य करून मोकळे झाले. कलम अजून आहे बरं का, आसामातले कार्बी आंगलाँग जिल्ह्यातले लोक त्याच्याच जोरावर स्वायत्त राज्याची मागणी करत असतात.

महाराष्ट्रात काय, तर घटनेचं कलम ३७१(२), म्हणजे विदर्भ-मराठवाड्यासाठी वेगळी विकास मंडळं नेमायची सोय. तरतूद १९५६ ची, विदर्भ मराठवाड्याची विकास मंडळं आली १९९४ ला, तीही नुसता अनुशेष मोजायला, कायदे करायचा अधिकार शून्य, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये मुदत संपली ती संपलीच. आधी निदान तेवढं तरी नीट चालवून दाखवा की राव!