तिसऱ्या महिन्यातलं उदासपण

शिकायला नव्या शहरात आल्यावर पहिले पंधरा दिवस मजेत गेले, आता तिसऱ्या महिन्यात खोलीबाहेर पडावंसंही वाटत नाही, माझंच काही चुकतंय का, असं विचारलंयस. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी 'मित्र जोड' सांगितलंय. खरंय, पण मित्र काय मागवून मिळतात?

आधी एक सांगतो, हे तुझं एकट्याचं नाही. समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांबद्दल लिहिलं होतं. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले बऱ्यापैकी रुळले होते. हाल झाले ते मधल्यांचे. नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांचाच आलेख असा निघाला नाही म्हणा, त्यामुळे मला तिसऱ्याच महिन्यात का, म्हणून कॅलेंडर बघत बसू नकोस.

मला फरक पडला तो लायब्ररीमुळे. रोज त्याच वेळी, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर बसायचो. एकदा लॅपटॉप बंद पडायला आला, तर समोरच्या मुलाने मान वर न करता चार्जरची वायर माझ्याकडे सरकवली. बास, एवढंच. नाव तर मला महिनाभराने कळलं. पण या शहरात आपल्याला कोणीतरी ओळखतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

घरचे तासन् तास चालणारे व्हिडिओ कॉल मी आठवड्यातून दोनवर आणले. आई थोडी रुसली.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, तर मात्र विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ घे. मी लाजेपायी अख्खी टर्म लांबवलं, शुद्ध मूर्खपणा.